फर्नेसवर कूलिंग कॉइल बसवताना: क्लीव्हलँडजवळच्या एका घराचं प्रकरण

घर ओहायो राज्यातलं, क्लीव्हलँडच्या एका उपनगरातलं. १९६२ साली बांधलेलं, एकमजली, साधारण १,५०० चौरस फुटांचं, आणि खाली तेवढंच तळघर. तळघरात २००९ मध्ये बसवलेली, नैसर्गिक गॅसवर चालणारी फर्नेस. हिवाळ्यात ती हवा तापवते. तिच्या पोटातला ब्लोअर ती हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि थंड झालेली हवा रिटर्न डक्टने पुन्हा खाली ओढून घेतो. एसी या घरात कधीच नव्हता. ईरी सरोवराच्या काठी जुन्या घरांना तो नसणं नवलाचं नाही. उन्हाळा लहान असतो आणि खिडक्या उघड्या टाकून बरेचसे दिवस निभावतात.

पण जुलै-ऑगस्टमधले काही आठवडे सरोवरावरून येणारी हवा इतकी दमट असते की रात्री अंगाला चादर चिकटते. या घरात आता एक मराठी कुटुंब राहतं. घरमालकांचे आईवडील, म्हणजे आमचे काका-काकू, नाशिकहून उन्हाळाभर येऊन राहणार होते आणि काकूंना दम्याचा त्रास आहे. म्हणून २०२५ च्या वसंतात सेंट्रल एसी बसवायचं ठरलं.

आपल्याकडच्या स्प्लिट एसीची सवय असलेल्यांना इथली मांडणी आधी सांगायला हवी. स्प्लिटमध्ये भिंतीवरच्या युनिटला स्वतःचा पंखा असतो. इथे तसं नाही. फर्नेस आणि डक्ट असलेल्या घरात फर्नेसच्या डोक्यावर, गरम हवा बाहेर पडते त्या पत्र्याच्या पेटीत, एक थंड कॉइल बसवतात. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यावर पातळ पंखांची दाट जाळी. दोन तिरक्या पाट्या इंग्रजी ‘A’ सारख्या वर टेकलेल्या असल्यामुळे तिला सगळे ए-कॉइलच म्हणतात. बाहेर अंगणात कंप्रेसरचं युनिट, दोघांमध्ये तांब्याचे दोन पाइप. हवा ढकलण्याचं काम मात्र उन्हाळ्यातही फर्नेसचाच ब्लोअर करतो.

ही कॉइल एकदा बसली की तिथेच राहते. जानेवारीत एसी बंद असतो, पण गरम हवेला त्याच दाट जाळीतून वाट काढावी लागते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं माझ्यासाठी मुख्य कारण हेच आहे. कॉइल बसवण्याची चर्चा नेहमी टनांची, कंपनीची आणि पैशांची होते. खरा निर्णय हवेच्या वाटेवर अवलंबून असतो, आणि तो उन्हाळ्याबरोबर हिवाळ्याचाही हिशेब करून घ्यावा लागतो. माझा व्यवसाय याच क्षेत्रातला. या घराचं लोड, म्हणजे उन्हाळ्यात किती उष्णता बाहेर काढावी लागेल ते, मी काढलं, मोजमापं घेतली आणि काम पुरं होईपर्यंत सोबत होतो. रेफ्रिजरंटचं, म्हणजे पाइपांतून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूचं, काम परवानाधारक तंत्रज्ञाने केलं. अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’ या कायद्याच्या कलम ६०८ खालचं प्रमाणपत्र असल्याशिवाय हे काम करता येत नाही.

दोन कोटेशनं

घरमालकांकडे आधीच दोन कोटेशनं आली होती. एकात साडेतीन टन, दुसऱ्यात तीन टन. दोन्ही कॉन्ट्रॅक्टरांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं, फर्नेसकडे एक नजर टाकली आणि आकडा लिहून दिला. दर चारशे-पाचशे चौरस फुटांना एक टन हा या धंद्यातला जुना ठोकताळा. तो ज्या काळात रूढ झाला तेव्हा घरांना इन्सुलेशन जेमतेम होतं आणि खिडक्यांना एकेरी काच. या घराच्या माळ्यावर आता आर-३८ (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप) चं सेल्युलोज इन्सुलेशन आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत आणि पश्चिमेला मॅपलची मोठी झाडं आहेत.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं एकक) एवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्यावरून हे माप आलं. घराला किती ताकद लागेल हे शोधायला इथे ‘मॅन्युअल जे’ नावाची प्रमाणित पद्धत आहे. भिंत कोणत्या दिशेला, खिडकी केवढी, सावली किती, माणसं किती, फटींतून हवा किती येते, हे सगळं त्यात भरावं लागतं. बाहेर ८७ अंश फॅरनहाइट आणि आत ७५ धरून या घराचं उत्तर आलं २०,८०० बीटीयू. त्यातले १७,२०० तापमान उतरवण्यासाठी आणि ३,६०० हवेतला ओलावा काढण्यासाठी. म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. बाजारात मिळणारं माप, दोन टन.

हे ऐकून काकांनी फोनवर विचारलं, “अरे, आमच्या नाशिकच्या नुसत्या हॉलला दीड टन लागतो. अख्ख्या घराला दोन टन पुरेल कसा?”

प्रश्न रास्त होता. नाशिकचा हॉल वरच्या मजल्यावरचा, डोक्यावर दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब, पश्चिमेची भिंत विटांची आणि बाहेर एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंश सेल्सिअस. आत चोवीस हवं तर फरक सोळा अंशांचा. क्लीव्हलँडला डिझाईनसाठी धरतात ते ८७ फॅरनहाइट म्हणजे साडेतीस सेल्सिअस. फरक सात अंशांचाही नाही, आणि डोक्यावर फूटभर जाडीचं इन्सुलेशन. काकांना ते पटलं. पण त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला: मग थोडा मोठा घेतला तर बिघडलं काय?

बिघडतं ते ओलाव्याच्या बाबतीत. मोठं युनिट हवा झटकन थंड करतं, थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि कंप्रेसर बंद पडतो. कॉइलवर पाणी साचून निथळायला वेळच मिळत नाही. उलट ब्लोअर चालू राहिला तर कॉइलवर चिकटलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. खोली थंड आणि दमट होते, गुहेसारखी. काकूंच्या दम्यासाठी एसी घ्यायचा आणि घरात बुरशीला पोषक हवा करून ठेवायची, हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं. सरोवराकाठच्या हवेत जास्त वेळ सावकाश चालणारं लहान युनिटच हवं.

हवेची वाट

लोड काढून काम अर्धंच झालं. एक टन थंडाव्यासाठी मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जावी लागते, दमट प्रदेशात ३५० पर्यंत चालते. प्रश्न असा, की हा ब्लोअर आणि हे डक्ट किती हवा नेऊ शकतात?

फर्नेस ७५,००० बीटीयूंची, ८० टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे घरात ६०,००० पोचवणारी. मे महिन्यातल्या एका गार सकाळी ती चालवून पाहिली. रिटर्नची हवा ६८ अंश फॅरनहाइट, बाहेर पडणारी १२४. फरक ५६ अंशांचा. साठ हजारांना १.०८ आणि ५६ यांच्या गुणाकाराने भागलं की मिनिटाला साधारण ९९० घनफूट येतात. फर्नेसच्या पाटीवर हा फरक ४० ते ७० अंशांत असावा असं लिहिलेलं आहे, तेव्हा इथवर सगळं ठीक.

मग दाब मोजला. पत्र्याला दोन बारीक भोकं पाडायची, एक फिल्टर आणि ब्लोअरच्या मध्ये, दुसरं फर्नेसच्या लगेच वर, आणि मॅनोमीटर या दाबमापकाच्या नळ्या आत सारायच्या. हा घराचा रक्तदाब. खाली ओढताना उणे ०.२६, वर ढकलताना ०.२२, एकूण ०.४८ इंच पाण्याचा स्तंभ; या कामात दाब याच एककात मोजतात. या प्रकारच्या बहुतेक फर्नेसना निर्मात्याने ०.५० ही मर्यादा घालून दिलेली असते. म्हणजे कॉइल बसायच्या आधीच हे घर मर्यादेला टेकलेलं होतं.

यात नवल नाही. हे घर बांधलं त्या काळातले डक्ट फक्त गरम हवेसाठी आखलेले असत. गरम हवेत उष्णता ठासून भरता येते, म्हणून थोडी हवा पुरते. थंड हवा पोचवायची तर जास्त लागते. त्यातही रिटर्नची बाजू कायम दुबळी. या घरात रिटर्नची एकच अरुंद उभी पेटी होती आणि तिच्या तोंडाशी एक इंची दाट घडीचा फिल्टर. उणे ०.२६ पैकी ०.१४ नुसता तो फिल्टर खात होता.

हवा वाढवली की दाब वर्गाच्या पटीत वाढतो. तीन टनांसाठी १,२०० घनफूट हवे. जुन्याच डक्टमध्ये तेवढी हवा कोंबायची तर दाब ०.७० वर जाणार, त्यात ओल्या कॉइलचे पाव इंच मिळवले की ०.९५. कोणत्या दाबाला किती हवा मिळेल हे सांगणारा ब्लोअरचा तक्ता ०.८० ला संपतो. साडेतीन टनांचा हिशेब तर करण्यात अर्थच नव्हता. प्रत्यक्षात घडलं असतं ते असं: कॉइलवर हवा कमी, कॉइल गोठणबिंदूखाली, तिच्यावर बर्फ, बर्फामुळे हवा आणखी कमी, आणि शेवटी द्रवरूप रेफ्रिजरंट कंप्रेसरमध्ये. द्रव दाबता येत नाही. कंप्रेसरचे व्हॉल्व्ह त्यानेच तुटतात.

दोन टनांना ८०० घनफूट पुरतात. तेवढ्या हवेला जुने डक्ट ०.३१ घेणार आणि कॉइल ०.१४. बेरीज ०.४५. उन्हाळा पार.

आता हिवाळा. गरम हवेचा वेग तोच ९९० ठेवला तर कोरड्या कॉइलचे ०.१७ वाढणार आणि बेरीज होणार ०.६५. तेवढ्या दाबाला हा ब्लोअर ८५० च्या आसपासच हवा देतो, म्हणजे तापमानातला फरक ५६ वरून ६५ वर. पाटीवरच्या ७० च्या आत आहे खरं, पण फिल्टर थोडा मळला की ती मर्यादा ओलांडणार. मग लिमिट स्विच बर्नर बंद करणार, ब्लोअर गार होईस्तोवर फिरणार, बर्नर पुन्हा पेटणार. थंडीच्या रात्रींत हे पुन्हा पुन्हा घडत राहिलं तर हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे ज्वाळा आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा, पत्रा तडकू शकतो, आणि ज्वलनातला कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याची वाट मोकळी होते. एसीच्या कोटेशनमध्ये फर्नेसच्या या दुखण्याचा उल्लेखही नव्हता. माझ्या मते हा या धंद्यातला सगळ्यात वाईट दोष आहे. कॉइल उन्हाळ्यात विकली जाते आणि तिचं ओझं फर्नेस हिवाळ्यात वाहते.

स्वस्तातला उपाय आणि तो का नको

रिटर्न मोकळा करायचा हे ठरलं. एका कॉन्ट्रॅक्टरने सुचवलं, “तळघरातच रिटर्नच्या पत्र्याला खिडकी पाडून जाळी लावू, अर्ध्या तासाचं काम.” दाब झटकन उतरला असता यात शंका नाही. पण त्याच तळघरात, फर्नेसपासून चार पावलांवर, नैसर्गिक ओढीवर धूर सोडणारा गॅसचा वॉटर हीटर आहे आणि दोघांची चिमणी एक. ब्लोअर तळघरातली हवा ओढू लागला की तिथला दाब उतरतो आणि चिमणीतला धूर वर जाण्याऐवजी खाली येतो. अशा उपकरणांपासून दहा फुटांच्या आत रिटर्नचं तोंड ठेवायला इथले नियम मनाई करतात. त्यामागे माणसं दगावल्याचे अनुभव आहेत.

म्हणून दुसरी रिटर्न पेटी वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमधून खाली आणली. हवा वरूनच यायला हवी, तळघरातून नाही. जुन्या-नव्या रिटर्नचे तळघरातले सगळे सांधे मॅस्टिक लेपून बंद केले. एक इंची फिल्टरच्या जागी चार इंच जाडीचा फिल्टर बसवला, त्याच चौकटीत कितीतरी जास्त कापड, म्हणून अडथळा फक्त ०.०५. साडेतीनऐवजी दोन टनांचं युनिट घेतल्याने वाचलेल्या पैशांतला मोठा भाग या पत्र्याच्या कामात गेला. घरमालकांना आधी ते जड वाटलं. दाबाचे आकडे कागदावर समोर ठेवल्यावर वहिनींनीच निकाल दिला: “युनिट दिसतं म्हणून त्यावर खर्च करायचा आणि डक्ट दिसत नाही म्हणून नाही, असं नको.”

एक प्रश्न घरमालकांनी असाही विचारला, की कॉइल फर्नेसच्या वर अडचणीत बसवण्यापेक्षा खाली रिटर्नच्या बाजूला का नको, तिथे जागा भरपूर आहे. नको, कारण मग थंड, ओलसर हवा हीट एक्स्चेंजरवरून जाते, त्यावर दव धरतं आणि पत्रा आतून गंजतो. त्यासाठी खास बनवलेली फर्नेस नसेल तर कॉइल हीट एक्स्चेंजरच्या पुढेच बसवायची.

पांढरी टेप

वरची जुनी पेटी कापायला घेण्याआधी तिच्या सांध्यांवर मळकट पांढरी, कागदासारखी टेप दिसली. फर्नेस २००९ ची असली तरी वरचा मुख्य डक्ट मूळ घराबरोबरचा होता. अशा वयाच्या घरात अशी टेप ॲस्बेस्टॉसची, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंच्या खनिजाची, असू शकते. डोळ्यांनी पाहून ते ठरवता येत नाही. काम तिथेच थांबवलं. पत्रा कापणारं यंत्र तिच्यावर चाललं असतं तर तंतू हवेत उडाले असते, आणि ब्लोअरने ते घरभर पोचवले असते.

नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ॲस्बेस्टॉसच निघाला. परवानाधारक माणसांनी तेवढा भाग प्लास्टिकने बंद करून, ओला करून काढला. या सगळ्यात वेळ गेला, काका-काकूंच्या येण्याची तारीख जवळ येत चालली, घरात थोडी कुरबुरही झाली. तरी १९८० च्या आधीच्या घरात अशी टेप कापायची वेळ आली तर हाच मार्ग आहे आणि त्यात तडजोड करू नये. दम्याच्या रुग्णासाठी चाललेल्या कामात तर नाहीच नाही.

बसवणी

कॉइलची निवड करताना एका मित्राने त्याच्या गॅरेजमध्ये पडून असलेली नवी कोरी कॉइल फुकट देऊ केली होती. ती आर-४१०ए या जुन्या रेफ्रिजरंटची. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती एसीतल्या रेफ्रिजरंटचा जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक ७०० च्या आत असावा लागतो. ४१०ए चा २,०८८ आहे. नव्या युनिटमध्ये आर-४५४बी, निर्देशांक ४६६. हा वायू किंचित ज्वलनशील आहे, म्हणून त्याच्या कॉइलवर गळती ओळखणारा सेन्सर असतो. गळती लागली की तो कंप्रेसर थांबवतो आणि ब्लोअर चालू करून वायू पांगवतो. जुन्या कॉइलला सेन्सरही नाही आणि कॉइलमध्ये रेफ्रिजरंट मोजून सोडणारा तिचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही वेगळ्या वायूचा. शिवाय आतली कॉइल आणि बाहेरचं युनिट यांची जोडी एएचआरआय या एसी उद्योगातल्या संस्थेच्या प्रमाणित यादीत असायला हवी, नाहीतर पाटीवर लिहिलेली क्षमता नुसती कागदावर राहते. आम्ही यादीतली जोडी घेतली: बाहेर दोन टन, आत अडीच टनांची कॉइल. कॉइल एक माप मोठी, म्हणून हवेला अडथळा कमी. रुंदी साडेसतरा इंच, फर्नेसच्या तोंडाएवढीच.

उंचीचं गणित जमवावं लागलं. फर्नेस ४० इंच, कॉइलची पेटी २१, आणि मुख्य डक्टचा तळ जमिनीपासून ७६ इंचांवर. मध्ये उरले १५ इंच. ते पुरतात. कॉइलच्या डोक्यावर लगेच डक्टचं छत आलं तर हवा तिथेच अडते. उरलेल्या जागेत नवी पेटी करून घेतली आणि तिचे काठ तिरके ठेवले, म्हणजे हवा काटकोनात आदळत नाही. कॉइलचं झाकण उघडता येईल, फर्नेसचं दार निघेल आणि फिल्टर सरकवून काढता येईल अशा रीतीने पाइप एका बाजूने नेले. चिमणीच्या दुपदरी पत्र्यापासून पाइपावरचा फोम एका इंचापेक्षा लांब ठेवला.

पाण्याकडे मी नेहमीच जास्त लक्ष देतो, कारण कॉइल फर्नेसच्या डोक्यावर असते आणि तिचं पाणी चुकलं तर ते थेट बर्नर आणि सर्किट बोर्डावर पडतं. ३,६०० बीटीयू ओलावा म्हणजे तासाला साधारण दीड लिटर पाणी. कॉइलची पेटी पाणपातळीने सरळ केली, पॅनच्या तोंडाला पाऊण इंची पीव्हीसी पाइप लावला, त्याला सापळा, म्हणजे पाणी धरून हवा अडवणारा वाक, ठेवला आणि फुटाला पाव इंच उतार देऊन पाइप तळघरातल्या मोरीत सोडला. पाइप तुंबला तर यंत्रणा बंद करणारा फ्लोट स्विच दुसऱ्या तोंडाला. झाकण लावण्याआधी पॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. ते एका कोपऱ्यात जरा रेंगाळलं. मागच्या बाजूला पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, पुन्हा ओतलं आणि या वेळी सगळं पाणी तोंडाकडे गेलं. या चाचणीला काहीच खर्च नाही, तरी ती सहसा कोणी करत नाही.

बाहेरच्या युनिटसाठी वेगळं २४० व्होल्टचं सर्किट आणि शेजारी डिस्कनेक्ट स्विच, ते काम इलेक्ट्रिशियनचं. थर्मोस्टॅटच्या भिंतीतल्या तारा अपुऱ्या होत्या, नवी केबल ओढली.

तांबं, नायट्रोजन आणि व्हॅक्युम

आपल्याकडे दर उन्हाळ्यात मेकॅनिकला बोलावून “गॅस भरून घ्यायचा” रिवाज आहे. बंद यंत्रणेतला वायू वापरून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे, आणि पुष्कळदा ती गळती बसवणीच्या दिवशीच पेरलेली असते.

म्हणून तंत्रज्ञ सांधे जोडत होता तेव्हा मी जवळ उभा होतो. ब्रेझिंग करताना, म्हणजे मिश्रधातू वितळवून सांधा जोडताना, तांबं तापून आतून हवेशी संयोग पावतं आणि काळे पापुद्रे धरतं. ते सुटून व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतात. पाइपातून नायट्रोजनची अगदी हळू धार सोडली तर तसं होत नाही. त्याने एका तुकड्यावर सांधा करून, आडवा कापून दाखवला: आतून तांबं गुलाबी, चकचकीत. कॉइलच्या व्हॉल्व्हभोवती ओला फडका गुंडाळला होता आणि तो वाळायला लागला की पुन्हा भिजवत होता. असं काम करणाऱ्या माणसाला दोन पैसे जास्त द्यावेत.

नायट्रोजन भरून पाटीवरच्या मर्यादेत दाब दिला, सांध्यांवर साबणाचा फेस लावला, काटा ढळला नाही. मग व्हॅक्युम, म्हणजे पाइपांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. पंप किती वेळ चालवला याला अर्थ नसतो, मायक्रॉन गेज काय सांगतो याला असतो. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन आणि आपल्याला ५०० च्या खाली जायचं. गेज ३२० ला आला तेव्हा व्हॉल्व्ह मिटून पंप तोडला. आकडा हळूहळू ४१० पर्यंत चढला आणि तिथेच थांबला. गळती असती तर चढतच राहिला असता. पाइपात ओलावा असता तर हजार-दीड हजारांवर जाऊन रेंगाळला असता.

बाहेरच्या युनिटमध्ये १५ फूट पाइपापुरता वायू कारखान्यातूनच भरून येतो. इथे पाइप तीस फुटांचा, तेव्हा वरच्या लांबीचा वायू वजनकाट्यावर मोजून घातला. ४५४बी हे दोन वायूंचं मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचं, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. सिलिंडरचे आटे उलटे असतात, ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरसारखे. वायू बरोबर भरला का ते सबकूलिंगवरून, म्हणजे द्रव झाल्यावर तो आणखी किती अंश गार होतो त्यावरून, कळतं. पाटीवर ते १० अंश मागितलं होतं, मोजल्यावर ९.६ भरलं.

चालू झाल्यावर

कारखान्यातून बोर्डावर थंड हवेचा वेग सहसा सगळ्यात जास्त ठेवलेला येतो. इथे ब्लोअरची तार बदलून तो कमी केला. जुलैच्या एका दमट दुपारी मोजलं: हवा ७८० घनफूट, एकूण दाब ०.३६, रिटर्न ७५ अंश, कॉइलनंतर ५६. फरक १९ अंशांचा. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली. युनिट दुपारभर जवळजवळ अखंड चालत होतं. काकांना त्याची काळजी वाटली, “बंदच होत नाही हा, बिल किती येईल?” त्यांना मोरीत पडणारी पाण्याची अखंड धार दाखवली. तेवढं पाणी काकू श्वासात घेत होत्या त्या हवेतून निघालेलं होतं. शहराच्या इन्स्पेक्टरने ड्रेन, डिस्कनेक्ट आणि रिटर्नची जागा तपासून परमिट बंद केलं.

माझ्यासाठी खरी परीक्षा डिसेंबरची होती. फर्नेस अर्धा तास चालल्यावर तापमानातला फरक ५९ अंश, हवा ९४० च्या घरात, दाब ०.४६. कॉइल मध्ये बसूनही दाब जुन्या आकड्यापेक्षा कमी, कारण रिटर्नची ओढ उणे ०.१२ च्या आत आली होती. लिमिट स्विच एकदाही पडला नाही. वॉटर हीटरच्या चिमणीशी धुराची कांडी धरली, सगळी दारं लावून आणि ब्लोअर चालू ठेवून. धूर वरच गेला.

एक गोष्ट राहिली आहे. पश्चिमेची शेवटची बेडरूम दुपारी बाकी घरापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम राहते. तिला जाणारी डक्टची शाखा पाच इंची आहे आणि वाटेत दोन वळणं घेते. डँपर (डक्टमधली झडप) फिरवून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. तिथे सहा इंची शाखा टाकून एक वळण काढायचं ठरलं आहे. तळघराचं छत उघडंच असल्याने वसंतात ते काम होईल. तोपर्यंत त्या खोलीत छताचा पंखा आहे.